सातव्या मजल्यावर अडकलेलं बोरन्हाण

मागच्या वर्षी क्षितिजाच्या अर्णवच्या बोरन्हाणाला इतकी पोरं आली होती, की सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग थेट लिफ्टच्या दारापर्यंत पोचला होता. हे मी कधी कुणाला सांगत नाही. लोकच मला सांगतात. दूधवाला सांगतो, सासूबाई सांगतात आणि माझा नवरा हितेंद्र तर अशा थाटात सांगतो, जणू त्या चपला त्यानेच एकावर एक रचल्या होत्या.

क्षितिजा आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एका लेकराची आई. साम्य इथे संपतं. ती घरून सॉफ्टवेअरचं काम करते. कानात इअरफोन घालून भेंडी चिरता चिरता अमेरिकेतल्या माणसांना झापते, आणि भेंडी एकसारखी चिरली जाते. तिचा अर्णव स्वतःच्या हाताने वरणभात जेवतो आणि ताटली उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवतो. माझी यशोदा वाटी उचलते आणि ग्रिलमधून खालच्या दुकानाच्या पत्र्यावर ठेवते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

तरी हेही मी सोसलं असतं. पण लिफ्टमध्ये क्षितिजा दिसली की यशू माझ्या कडेवरून तिच्याकडे झेप घेते, तिच्या गळ्यात हात टाकते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मी लिफ्टमन आहे. माणसाने किती सोसायचं?

म्हणून यंदा यशूचं बोरन्हाण करायचं ठरलं. पोर तिसऱ्या वर्षात आहे, पाच वर्षांच्या आत करायचं असतं, संक्रांत ते रथसप्तमीच्या मध्ये कधीही चालतं, वगैरे कारणं मी घरात दिली. खरं कारण एकच. मला त्या चपला हव्या होत्या. आणि यशूला पोरं हवी होती. ती रोज दुपारी झोपताना माझी हनुवटी धरून विचारायची, "आई, सगले येनाल?" मी म्हणायची, "सगळे येणार." असं लेकराला सांगून बसलं की मग माघार नसते.

आता आमच्या इमारतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचा गोंधळ कळणार नाही. लालबागमधल्या आमच्या दोन चाळी पाडून हा टॉवर उभा राहिला. अ चाळीला खालचे सात मजले मिळाले, ब चाळीला आठव्यापासून वरचे. चाळी जमीनदोस्त झाल्या, पण अ आणि ब शाबूत आहेत. गणपतीची वर्गणी, पाण्याची वेळ, लिफ्टमध्ये कोणी थुंकलं, प्रत्येक बाबतीत अ वाले वर बघतात आणि ब वाले खाली बघतात. मी माहेरची गिरगावची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं, काय हे बालिश. आता मीही वर बघते. क्षितिजा ब आहे, हे सांगायला नकोच.

आमंत्रणाचा प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "करंडो घे, पोराक काखेक मार आणि घराघरांत जावन ये. आमी तसाच करीत होतो." पण यशूला काखेत मारून एवढे मजले फिरायचे म्हणजे प्रत्येक घरातून तिला एक लाडू, एक बिस्कीट आणि एक रडणं. बरं, ग्रुपवर टाकावं तर पहिल्या मजल्यावरच्या कमलाबाई मला जिन्यातच म्हणाल्या, "ग्रुपवरच्या आमंत्रणाला मी जात नाही. ग्रुपवर पाणी बंद असल्याचं पण येतं." मुद्दा बिनतोड होता.

शिवाय क्षितिजाने मागच्या वर्षी काय केलं होतं? प्रत्येक घराला वेगळा मेसेज. त्या घरातल्या पोराचं नाव घालून. कसा केला विचारलं तर म्हणाली, "अगं, छोटासा लूप लिहिला, म्हणजे तेच काम यंत्र एकेका नावासाठी आपोआप करत जातं. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम! मी त्याच दिवशी 'घरबसल्या पायथन' नावाच्या प्रोग्रामिंगच्या क्लासला नाव घातलं.

क्लास मोबाइलवर. शिकवायला यतीन सर म्हणून एक विशीतला मुलगा. तो प्रत्येक वाक्य 'तर गाईज'ने सुरू करतो. मी यशूच्या दुपारच्या झोपेत शिकायची. तिच्या झोपेची लांबी कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा ड्रिल आणि भंगारवाल्याची आरोळी यांवर अवलंबून असते, त्यामुळे माझं शिक्षणही त्यांच्यावरच अवलंबून होतं. तरी सांगते, मला ते आवडलं. आपण एक ओळ लिहायची आणि यंत्राने ती मुकाट्याने ऐकायची, असं या घरात दुसरं कोण करतं?

पहिला प्रयोग सोसायटीचे सेक्रेटरी अच्युतकाका यांच्यावर झाला. हॉलची परवानगी त्यांच्याकडून घ्यायची होती, म्हणून यादीत त्यांचं नाव पहिलं. परवानगीचं आधीच घोडं अडलं होतं. काका म्हणत होते, "बोरन्हाण हा धार्मिक कार्यक्रम की वाढदिवस? धार्मिक असेल तर स्पीकर चालेल, केक नाही. वाढदिवस असेल तर केक चालेल, स्पीकर नाही." मी म्हटलं, मला दोन्ही नकोत. तर म्हणाले, "मग हा कार्यक्रम कुठल्याच प्रकारात बसत नाही. कमिटीत घ्यावा लागेल."

मी लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला. यादीतल्या पहिल्या नावाला मेसेज पाठव, मग पुढच्या नावाकडे जा. फक्त 'पुढच्या नावाकडे जा' ही ओळ लिहायची राहिली, कारण यशूने कूस बदलली आणि मी तिला थोपटायला गेले. परत आले तर लॅपटॉप एकनिष्ठेने एकट्या अच्युतकाकांनाच मेसेज पाठवत होता. 'श्री. अच्युतकाका, चि. यशोदाच्या बोरन्हाणास आपल्या बाळगोपाळांसह अगत्य येणे.' पुन्हा. पुन्हा. अच्युतकाका आजन्म ब्रह्मचारी आहेत.

मी लॅपटॉपची वायर काढली. तो बॅटरीवर चालू राहिला. मी झाकण बंद केलं, उघडलं, तो तिथूनच पुढे सुरू. शेवटी मी धावत जाऊन वायफायचं बटण बंद केलं. त्याबरोबर आतल्या खोलीत हितेंद्रची मीटिंग तुटली आणि बाहेरच्या खोलीत सासूबाईंची मालिका सुनेच्या थोबाडीत बसण्याच्या बेताला थांबली. दोन्हीकडून एकाच वेळी "काय झालं?" आलं. यशू उठली ती वेगळीच.

संध्याकाळी अच्युतकाका स्वतः वर आले. हातातला फोन त्यांनी मेलेल्या पालीसारखा दोन बोटांत धरला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "एकदा बोलावलं असतं तरी आलो असतो."

"काका, चुकून..."

"मी देवासमोर बसलो होतो. टिंग झालं, मला वाटलं घंटा आपोआप वाजतेय. अंगावर काटा आला हो! मी नमस्कार करत बसलो." मग दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "आणि ते बाळगोपाळांचं तेवढं काढा."

एक मात्र झालं. पुन्हा असा मेसेज येऊ नये म्हणून हॉलची परवानगी कमिटीत न जाताच मिळाली.

क्षितिजाला ही बातमी अर्थातच कळली. लिफ्टमध्ये म्हणाली, "इन्फिनिट लूप झाला ना? सगळ्यांचा होतो पहिल्यांदा. दाखव ना मला, मी बघून देते." आवाजात इतका गोडवा होता की मधुमेह व्हावा. मी म्हटलं, "नको, जमलंय." यशू तोवर तिच्या कडेवर गेली होतीच.

ती ओळ मी लिहिली. आता प्रोग्राम शिस्तीत एकेका घरी जायला लागणार, तेवढ्यात सासूबाईंनी नवी अट घातली. सातव्या मजल्यावर शेवटचं दार दौलतकाका आणि अंबिकाकाकूंचं. दौलतकाकांचे चुलतभाऊ गावाला वारले होते. "त्यांच्याकडे सुतक असा," सासूबाई म्हणाल्या. "त्यांका आमंत्रण धाडू नको. सणासुदीचा मेसेज बघून त्यांका वाईट वाटतला."

बरोबर होतं. मी यतीन सरांचा पुढचा धडा लावला. लूपला मध्येच कसं अडवायचं, असाच विषय होता. सर म्हणाले, "तर गाईज, समजा ताटात समोसे आहेत. तुम्ही एकेक खाताय. पोट भरलं की काय करणार? थांबणार. त्यासाठी ब्रेक." मी लिहून घेतलं. अट पूर्ण झाली की थांब. ब्रेक. "आता गाईज, दुसरी गोष्ट अशी की समजा एखादा समोसा..." आणि खाली भंगारवाला ओरडला. यशू उठली. समोसा तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट काय असेल, असा विचार मी केला नाही. पहिली कळली होती. मी लिहिलं, घरात सुतक असेल तर ब्रेक. माझ्या डोळ्यांसमोर चित्र अगदी स्पष्ट होतं. मी करंडा घेऊन चाललेय, दौलतकाकांचं दार येतं, मी थांबते, दार वाजवत नाही. यात चुकण्यासारखं काय आहे?

यशूला मांडीवर घेऊन, तिच्या तोंडात बिस्कीट देऊन मी बटण दाबलं. पडद्यावर नावं जाऊ लागली. अच्युतकाका गेले, एकदाच आणि बाळगोपाळांशिवाय. कमलाबाई गेल्या. मजले चढत प्रोग्राम सातव्यावर पोचला आणि शांत झाला. एकही चूक दाखवली नाही. मला भरून आलं. मी यशूचा पापा घेतला आणि म्हटलं, "बघ, सगळे येणार."

बोरन्हाणाच्या दिवशी यशूला काळं परकर-पोलकं घातलं. हलव्याचे दागिने माझ्या आईने गिरगावातून स्वतः करून पाठवले होते. मुकुट, हार, बाजूबंद. ते ऑर्डर देऊन विकत आणलेले नव्हते, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगत होते. हॉलमध्ये चौरंग मांडला. बोरं, कुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि काळानुसार गोळ्या-चॉकलेटं मोठ्या परातीत कालवली. खालच्या मजल्यांवरची पोरं आली, बायका आल्या. मी दर थोड्या वेळाने दाराबाहेर जाऊन चपला बघत होते. चपला होत्या. पण ढीग म्हणता येईल असं काही नव्हतं. ओळ होती. ओळसुद्धा अधूनमधून तुटलेली.

यशू चौरंगावर बसून दाराकडे बघत होती. मुकुट कपाळावर घसरला होता आणि हाराचे खालचे दोन दाणे तिने खाल्ले होते.

"अल्नव?" तिने विचारलं.

"येईल गं."

"सगले?"

मी फोन बघितला. ब चाळीचा वेगळा ग्रुप आहे, त्यात मी नाही; पण कमलाबाईंची भाची आठव्या मजल्यावर दिलेली असल्यामुळे त्यातलं सगळं कमलाबाईंना कळतं. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दर्शना, शाब्बास. आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती."

"कसली?"

"ब चाळ सरसकट कापलीस! वर नुसती आग लागली आहे. सातव्यापर्यंत आमंत्रण, आठव्यापासून एकालाही नाही. म्हणतात, चौथ्या मजल्यावरची ती गिरगावकरीण स्वतःला समजते कोण?"

अच्युतकाका तिथेच होते. ते तातडीने म्हणाले, "या निर्णयाशी सोसायटीचा संबंध नाही, हे मिनिट्समध्ये घ्यावं लागेल."

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "वरचा एकव पोर इला नाय," त्या म्हणाल्या. "दौलतच्या दारासून तू घराक परत इलंस की काय गो?"

त्या टोमणा मारत होत्या. पण नेमकं तेच झालं होतं. मी कोपऱ्यात जाऊन यतीन सरांचा धडा जिथे सोडला होता तिथून लावला. भर हॉलमध्ये आवाज घुमला. "...समजा एखादा समोसा जळका निघाला. तर तेवढ्यासाठी ताट सोडून उठणार का गाईज? नाही! तो एक सोडायचा आणि पुढचा घ्यायचा. त्यासाठी कंटिन्यू."

"समोसे पण आहेत?" कुणाचा तरी पोरगा म्हणाला.

मी यशूला मुकुटासकट कडेवर मारलं, करंडा उचलला आणि लिफ्टकडे धावले. अच्युतकाका मागून आले. "एकटीने वर जाऊ नका," म्हणाले. "वातावरण तापलेलं आहे."

लिफ्ट सातव्यावरच थांबली आणि दार उघडलं, तर समोर अंबिकाकाकू उभ्या. हातात कचऱ्याची पिशवी. त्यांनी यशूला बघितलं. मी नजर चुकवली. सुतकाच्या घरापुढे नटलेलं पोर आणायचं नसतं.

"काकू, मी... वर चालले होते. तुमच्याकडे सुतक म्हणून..."

"परवाच फिटलं," काकू म्हणाल्या. "कोणी विचारलंच नाही. मीही म्हटलं, आपण होऊन काय सांगत फिरायचं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि यशूचा मुकुट सरळ केला. "या मजल्यावर हल्ली सगळ्यांनाच घाई असते. लिफ्टमधून बाहेर पडतात आणि सरळ पुढे निघून जातात."

म्हणजे जळका समोसा समजून आम्ही सगळे पुढे जात होतो, आणि समोसा आता जळका राहिलाच नव्हता. यतीन सरांनी हे सांगितलं नव्हतं, की अट दर फेरीला नव्याने विचारायची असते. मी काकूंना तिथेच कुंकू लावलं. त्यांच्या दोन्ही नाती चपला न घालताच जिन्याने खाली पळाल्या. चपलांच्या हिशेबाने ते नुकसानच होतं.

मग आठवा मजला. नववा. दहावा. प्रत्येक दाराशी मी कुंकू लावत होते आणि अच्युतकाका मागून जाहीर करत होते, "ही तांत्रिक चूक आहे. यामागे कुठलाही अ-ब हेतू नाही." एका घरात आजी म्हणाल्या, "चूक मशीनची असेल तर मशीनला पाठव माफी मागायला." दुसऱ्या घरात यशूला लाडू मिळाला. तिसऱ्यात बिस्कीट. चौथ्यात तिने रडून घेतलं आणि ते रडणं बघूनच त्या घरातली पोरं चपला घालू लागली. सासूबाईंची जुनी पद्धत शब्दशः चालू होती.

अकराव्या मजल्यावर मी शेवटी गेले. खरं सांगायचं तर त्या दाराशी माझी बोटं बेलवर जाईनात.

दार क्षितिजाने उघडलं. कानात काही नव्हतं. आत सोफ्यावर अर्णव काळा झब्बा घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. सकाळपासून तसाच बसला असावा.

"त्याला सांगत होते, आपल्याला बोलावलं नाहीये," क्षितिजा म्हणाली. "तर म्हणतो, यशू बोलावेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, तू जळतेस माझ्यावर, म्हणून नाही बोलावलंस."

अच्युतकाका घसा खाकरून म्हणाले, "ही तांत्रिक..."

"काका, थांबा," मी म्हटलं. "जळते तर आहेच मी. पण त्यासाठी आमंत्रण नसतं कापलं. ते मी कंटिन्यूच्या जागी ब्रेक लिहिलं म्हणून झालं."

क्षितिजा फसकन हसली. "सातव्यावर कोण होतं?"

"सुतक."

"अरे देवा," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला, आणि त्याच कपाळावर मी कुंकू लावलं. यशूने झेप घेतलीच. मी सोडली. लिफ्टमध्ये मी अर्णवचा हात धरला. त्याने मला विचारलं, "काकू, तुम्हाला पण लूप येतो?" मी म्हटलं, "येतो. थांबत नाही एवढंच."

बोरन्हाण झालं. अ आणि ब दोन्हीकडच्या पोरांनी यशूच्या डोक्यावरून पडणाऱ्या बोरांवर अशी झडप घातली, की कोण कुठल्या चाळीचं ते कुणालाही ओळखता आलं नसतं. मी एकदाच बाहेर डोकावून आले. चपला लिफ्टच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. थोड्या जिन्यावरही होत्या. हे मी कुणाला सांगत नाही, पण यंदा दूधवाला मला सांगायला विसरला तर मीच त्याला सांगणार आहे.

गर्दी पांगली. आम्ही बायका भिंतीशी सतरंजीवर बसून शेंगा सोलत होतो, आणि यशू जमिनीवर उरलेली बोरं वेचून ओळीने एकेकाला वाटत होती. अंबिकाकाकूंना एक. कमलाबाईंना एक. अच्युतकाकांच्या मिशीला ती घाबरते, त्यांना सोडून ती पुढे गेली. क्षितिजापाशी आली तेव्हा तिने ओंजळीत शोधून सगळ्यात टपोरं बोर तिला दिलं, वर गालाचा पापा. मी पुन्हा जळले. एवढं सगळं होऊनसुद्धा. मी एक शेंग उगीचच जोरात फोडली.

मग ती माझ्यापाशी आली. माझी मूठ बोटाबोटाने उघडली, तोंडातलं चघळून झालेलं बी काढून त्यात ठेवलं, ओंजळीतली बाकीची सगळी बोरं जमिनीवर सोडून दिली आणि माझ्या मांडीत चढली. माझ्यानंतर अजून हितेंद्र होता, सासूबाई होत्या, अर्धी ओळ होती.

"माका नाय काय गो बोर?" सासूबाई म्हणाल्या.

पण यशू झोपली होती. मुकुटाचा हलवा माझ्या हनुवटीला टोचत होता.

क्षितिजा तिचं टपोरं बोर हातात धरून माझ्या तळहाताकडे बघत होती. ओलं, चिकट, एका बाजूने अजून गर लागलेलं ते बी.

"अर्णव आता मला असं देत नाही गं," ती हळूच म्हणाली. "बी स्वतः जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकतो."

मी मूठ मिटून घेतली.